चिठ्ठीवरचे नाव आणि नावाची किंमत

ज्या कुटुंबाच्या जमाखर्चाच्या वहीत पूर्वी औषधपाण्याचा खर्च ‘किरकोळ’ या सदराखाली, तापसराईच्या दिवसांत आणि तोही वर्षातून दोन-चार वेळा, नोंदला जात असे, त्याच कुटुंबाच्या वहीत आता किराणा, वीज आणि दूध यांच्या पंक्तीला औषधांचा एक कायमचा रकाना येऊन बसला आहे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, कोलेस्टेरॉल ही दुखणी पाहुण्यासारखी येऊन जाणारी नव्हेत. ती एकदा घरात आली की भाडेनियंत्रण कायद्याच्या आधाराने राहणाऱ्या भाडेकरूप्रमाणे हलत नाहीत, आणि त्यांच्यासाठी घ्यावयाची गोळी एका दिवसाची नसून उरलेल्या आयुष्याची असते. म्हणूनच गोळीमागे पडणारा रुपया-दोन रुपयांचा फरक, जो तापाच्या औषधात कोणी मनावर घेतला नसता, तो येथे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या हिशेबाला खिंडार पाडू शकतो.

उच्च रक्तदाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टनचे उदाहरण घेऊ. या औषधाची चाळीस मिलिग्रॅमची एक गोळी एखाद्या नावाजलेल्या कंपनीच्या पाकिटातली असेल तर ती सात रुपयांच्या आगेमागे पडते, आणि तेच द्रव्य त्याच मात्रेत सरकारी योजनेच्या जनऔषधी केंद्रातून घेतले तर रुपया-दीड रुपयाच्या घरात मिळते. एका माणसाच्या एका गोळीमागे वर्षाकाठी दोन हजार रुपये या फरकापायी जातात. दोघे वृद्ध आणि दोघांच्या मिळून सहा-सात गोळ्या असा संसार असेल, तर ती रक्कम किती होते याचे गणित वाचकानेच करावे. एवढा फरक भाजीत किंवा कापडात असता तर आपण चार दुकाने पालथी घातली असती. औषधाच्या बाबतीत मात्र आपण चिठ्ठी पुढे करतो, दुकानदार सांगेल तो आकडा मोजतो आणि पिशवी घेऊन निघतो. अमेरिकेत १९५९ पासून औषधांच्या किमतींची चौकशी करणाऱ्या सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी या व्यवहाराच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवले होते: या बाजारात जो मागणी नोंदवितो तो पैसे देत नाही, आणि जो पैसे देतो त्याला मागणी नोंदविण्याचा अधिकार नसतो. याच केफॉव्हर समितीने, काही औषधांच्या किमती भारतात जगातल्या सर्वाधिक किमतींपैकी आहेत, असा शेराही मारून ठेवला होता.

त्या शेऱ्याला कारण होते. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशातला औषधांचा धंदा बहुतांशी परकीय कंपन्यांच्या हाती होता, आणि १९११ च्या पेटंट कायद्याचे कवच त्यांच्या अंगावर होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि देशी पेनिसिलिन निघू लागले, हा त्या स्थितीला दिलेला पहिला मोठा शह. दुसरा शह कायद्याचा होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर उभा राहिलेला १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अंमलात आला आणि औषधी द्रव्यावरचा मक्ता संपुष्टात येऊन केवळ ते बनविण्याच्या कृतीवरचा मक्ता शिल्लक राहिला. वेगळ्या कृतीने तेच द्रव्य बनविणे हे ज्यांना साधले त्या देशी रसायनतज्ज्ञांच्या बळावर आज भारत जगभरातल्या जेनेरिक औषधांपैकी, संख्येच्या हिशेबाने, सुमारे पाचवा हिस्सा पुरवितो. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये एड्सवरची तीन औषधांची एकत्रित मात्रा, जिची किंमत पाश्चात्त्य बाजारात वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर होती, ती साडेतीनशे डॉलरांत देऊ केली; आफ्रिका खंडातल्या लक्षावधी रुग्णांच्या जगण्याचा मार्ग त्या एका प्रस्तावाने मोकळा झाला.

मग जगाला स्वस्त औषध पुरविणाऱ्या देशात खुद्द तिथल्या रुग्णाला महाग औषध का घ्यावे लागते? आपल्याकडे औषध बनविणे स्वस्त झाले, पण ते विकणे स्वस्त झाले नाही. पेटंटची मुदत संपलेले एकच द्रव्य शेकडो कंपन्या शेकडो नावांनी विकतात, आणि प्रत्येक नाव डॉक्टरांच्या स्मरणात कोरण्यासाठी वैद्यकीय प्रतिनिधींची पलटण बॅगा सांभाळीत दवाखान्यांच्या बाकड्यांवर ताटकळत बसलेली असते. त्या पलटणीचा पगार, प्रवास, नमुन्याच्या गोळ्या आणि भेटवस्तू यांचा भार अखेर गोळीवरच पडतो. १९७५ साली सरकारने नेमलेल्या हाथी समितीने हे ओळखून तेरा औषधांपासून आरंभ करून व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस केली होती. पुढे पाच औषधांपुरती अधिसूचना निघाली, कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि ती शिफारस दप्तरी दाखल झाली. डॉक्टरांना दिल्या जाणाऱ्या भेटी हा कंपनीचा करवजावटीस पात्र खर्च मानता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आणि २०२४ मध्ये केंद्राने विक्रीव्यवहाराची आचारसंहिता नव्याने जाहीर केली. परंतु बाकड्यावरची गर्दी अद्याप ओसरल्याचे दिसत नाही.

किमतींवर सरकारचा अंकुश नाही असे मात्र नव्हे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण १९९७ पासून काम करीत आहे, आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशान्वये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत असलेल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते. २०२२ च्या सूचीत अशी ३८४ औषधे आहेत. मात्र ही कमाल किंमत काढण्याची रीत पाहिली की अंकुश बोथट का आहे, हे उमगते. पूर्वी, म्हणजे १९९५ च्या आदेशात, कच्चा माल आणि उत्पादनाचा खर्च धरून त्यावर ठरावीक वाढ देऊन किंमत ठरत असे. २०१३ पासून, बाजारात ज्या नावांचा हिस्सा एक टक्क्याहून कमी नाही त्यांच्या किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढावयाची आणि तीवर विक्रेत्याचे सोळा टक्के चढवावयाचे, अशी रीत आली. जी नावे जाहिरातीच्या जोरावर मोठी झाली तीच सरासरीत मोजली जातात. अल्पशा नफ्यावर विकणाऱ्या लहान कंपनीचा भाव त्या हिशेबात येतच नाही. शिवाय या कमाल किमती घाऊक किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी हलतात: २०२३ मध्ये बारा टक्क्यांहून अधिक वाढ मिळाली, तर २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के, म्हणजे नाममात्र. सूचीबाहेरच्या औषधांना तर कमाल किंमतच नसते. वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढ करावयाची नाही, एवढेच बंधन. सूचीतले औषधही विवक्षित मात्रेपुरते सूचीत असते, आणि त्यात दुसरे द्रव्य मिसळून जोडगोळी बनविली की ती सूचीच्या बाहेर राहू शकते. एका गोळीत तीन-तीन द्रव्ये कोंबण्याची जी हौस आपल्याकडे बोकाळली आहे, तिच्यामागे केवळ रुग्णाच्या सोयीचा विचार आहे, असे मानण्याइतके भोळे कोणी राहू नये.

रुग्णांना सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. औषधविषयक नियमांनुसार, ज्या औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते अशा ‘एच’ परिशिष्टातल्या औषधांच्या बाबतीत, चिठ्ठीवर जे नाव आहे त्याऐवजी दुसरे, मग त्यात तंतोतंत तेच द्रव्य का असेना, देण्याची दुकानदाराला मुभा नाही. अमेरिकेत याच्या उलट प्रकार आहे: डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली नसेल तर औषधविक्रेता महागड्या नावाच्या जागी स्वस्त जेनेरिक देऊ शकतो, आणि तिथल्या दहांपैकी नऊ चिठ्ठ्या जेनेरिक औषधांनीच भागविल्या जातात. त्यातली पुष्कळशी औषधे आपल्याकडच्या कारखान्यांतून गेलेली असतात, हा योगायोग मोठा विचित्र म्हणावा लागेल. (तरीही न्यू जर्सीतला मराठी मुलगा पुण्याहून परतताना बॅगेत वर्षाची औषधे भरून नेतोच, कारण ज्या औषधावर तिथे अजून पेटंट आहे त्याची किंमत त्याला विम्याच्या आडूनही सोसत नाही.) आपल्याकडे मात्र चिठ्ठीवर नाव उमटले त्या क्षणीच किंमत ठरून जाते. म्हणून स्वस्त औषधाचा शोध औषधाच्या दुकानात सुरू होत नाही. तो तपासणीच्या खोलीत, डॉक्टरांचे पेन कागदावर टेकण्यापूर्वी सुरू व्हावा लागतो.

येथे कोणी म्हणेल की डॉक्टरांनी केवळ द्रव्याचे मूळ नाव लिहावे, म्हणजे प्रश्न मिटला. नियमही तसाच आहे: डॉक्टरांनी औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारनियमांत २०१६ च्या दुरुस्तीने घातले गेले. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने याच गोष्टीला दंडाची जोड देणारे नवे नियम काढले आणि डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध करताच त्याच महिन्यात ते स्थगित केले. त्या विरोधात सगळाच स्वार्थ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूळ नाव लिहिले की निवडीचा अधिकार डॉक्टरांकडून रुग्णाकडे न येता दुकानदाराकडे जातो, हे डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे. जी जेनेरिक औषधे प्रतिनिधींवाचून थेट दुकानांना विकली जातात त्यांच्यावर छापलेली किंमत नामांकित औषधाच्या जवळपास असते आणि दुकानदाराला ती छापील किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळतात. मधला सगळा फायदा त्याच्या गल्ल्यात राहतो. ‘जेनेरिक’ असे ऐकून समाधानाने छापील किंमत मोजणारा रुग्ण स्वस्त औषध घेऊन महाग पैसे देतो. त्यामुळे जेनेरिक औषध आहे काय, एवढे विचारून भागत नाही. पाकीट हातात घेऊन किंमत वाचावी आणि सवलत किती, हे निःसंकोच विचारावे.

तर मग तपासणीच्या खोलीत काय बोलावयाचे? आपल्याकडे डॉक्टरांशी पैशाची गोष्ट काढणे अशिष्ट समजले जाते. देवाच्या दारात दक्षिणेचा घोळ घालू नये, अशी काहीशी ती भावना असावी. परंतु ‘डॉक्टर, हे औषध कायमचं आहे ना? मग याच औषधाची स्वस्तातली कंपनी लिहून देता का?’ एवढे एक वाक्य पुरेसे असते, आणि बहुसंख्य डॉक्टर त्याचा राग मानीत नाहीत. त्यांना औषधाची किंमत पुष्कळदा ठाऊकच नसते. ज्या नावाची सवय पडली ते हातून उतरते. याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारणे हिताचे: चिठ्ठीतल्या औषधांपैकी आवश्यक कोणती आणि ‘असू द्या’ म्हणून दिलेली कोणती, आणि जोडगोळीऐवजी सुट्या गोळ्या घेतल्या तर चालेल काय. जीवनसत्त्वे, टॉनिके आणि पाचक पातळ औषधे यांवर अनेक चिठ्ठ्यांचा निम्मा खर्च होतो, आणि ती वगळण्याचा सल्ला एखादा सरळमार्गी डॉक्टर हसत हसत देतो.

नाव निश्चित झाले की भाव पाहणे आता तितकेसे अवघड राहिलेले नाही. २०१८ पासून पाकिटावर द्रव्याचे मूळ नाव व्यापारी नावाहून ठळक आणि मोठ्या टंकात छापणे सक्तीचे आहे. त्यामुळे चाळिशीचा चष्मा लावून का होईना, आपण काय खातो हे कोणालाही वाचता येते. किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या मोबाइलवरील सुविधेत कमाल किंमत आणि पर्यायी नावांचे भाव दिसतात, आणि ‘जनऔषधी सुगम’मध्ये जवळचे केंद्र व तिथला दर सापडतो. पहिले जनऔषधी केंद्र अमृतसर येथे नोव्हेंबर २००८ मध्ये उघडले. कित्येक वर्षे ही योजना रखडत चालली होती, पण आज देशभरात पंधरा हजारांहून अधिक केंद्रे आणि दोन हजारांहून अधिक औषधे असा तिचा विस्तार आहे. नामांकित औषधांच्या मानाने किंमत निम्म्यावर आणि पुष्कळदा त्याहूनही खाली असते. उणीव एकच, पण ती मोठी आहे: हवे ते औषध हव्या त्या दिवशी असेलच, याचा भरवसा नसतो. म्हणून शेवटचे पाकीट सुरू होताच, संपण्याची वाट न पाहता, केंद्रात चौकशी करून ठेवावी.

‘स्वस्त औषध गुण देईल काय?’ हा प्रश्न आपल्या मनात इतका घट्ट बसला आहे की त्याला केवळ अज्ञान म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. जनऔषधी योजनेसाठी घेतलेल्या औषधांचा प्रत्येक साठा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच पुढे जावा, अशी व्यवस्था आहे. २०१७ पासून, ज्यांचे शरीरात विरघळणे बेभरवशाचे अशा द्रव्यांच्या बाबतीत, मूळ औषधाइतकेच द्रव्य रक्तात पोचते याचा पुरावा दिल्याशिवाय नवा परवाना मिळत नाही. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या दरमहा निघणाऱ्या यादीत निकृष्ट ठरलेली औषधे पाहिली तर तिथे महाग आणि स्वस्त दोन्ही भेटतात. दुसऱ्या बाजूने, नागपूर जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांना पुरविलेली प्रतिजैविके बनावट निघाल्याचे जे प्रकरण २०२४ मध्ये गाजले, त्यावरून निविदेतल्या सर्वांत खालच्या भावामागे डोळे मिटून जाण्यातला धोकाही दिसून आला. दोष स्वस्ताईचा नसून तपासनीसांच्या अपुऱ्या संख्येचा आणि ढिल्या कारभाराचा आहे, असे माझे मत आहे.

काही औषधांच्या बाबतीत मात्र नाव बदलण्याची घाई अजिबात करू नये. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, फेफऱ्यावरची फेनिटॉइन, मूत्रपिंड बसविलेल्या रुग्णाची टॅक्रोलिमस, यांच्या मात्रेत किंचित फरक पडला तरी परिणाम दिसतो. तिथे एक कंपनी धरून राहावे आणि बदल केल्यास डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करून घ्यावी. नावातली शेपटीही वाचावी लागते. मेटोप्रोलोल सक्सिनेट आणि मेटोप्रोलोल टार्ट्रेट ही भावंडे असली तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही, आणि ‘एसआर’, ‘ईआर’ ही अक्षरे असलेली, हळूहळू विरघळणारी गोळी साध्या गोळीच्या भावात मिळाली म्हणून बदलून घेणे हा शहाणपणा नव्हे.

कर्करोगासारख्या आजारांत, जिथे औषधावर पेटंट चालू असते, तिथे एकट्या रुग्णाची धडपड तोकडी पडते. २००५ पासून आपल्याकडे द्रव्यावरचे पेटंट परत आले. पण जुन्या द्रव्याला किरकोळ नवे रूप देऊन मक्ता लांबविण्यास मज्जाव करणारे कलम कायद्यात राखले गेले, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच कलमाच्या आधारे नोव्हार्टिसचा रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’साठीचा दावा फेटाळला. त्याच्या आदल्याच वर्षी, बायर कंपनीचे महिन्याला दोन लाख ऐंशी हजार रुपयांचे ‘नेक्सावार’ हैदराबादच्या नॅटको कंपनीने ८,८०० रुपयांत विकावे, असा सक्तीचा परवाना मुंबईतल्या पेटंट नियंत्रकांच्या कार्यालयातून निघाला होता. पेटंट सुटले की काय होते याचा ताजा दाखला मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचा आहे: मार्च २०२५ मध्ये मुदत संपली आणि साठ रुपयांच्या आसपास असलेली गोळी दहा रुपयांच्या आत आली. आपल्या नव्या, महागड्या औषधाची पेटंटची मुदत केव्हा संपते, हे डॉक्टरांना विचारून ठेवणे त्यामुळे निरर्थक नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने चाळीस औषधांची अनेक रुग्णालयांसाठी एकत्र खरेदी करून भाव असे काही खाली आणले, की एखाद्या खाजगी रुग्णालयात उपचार घेणाऱ्यानेही औषधापुरते अशा संस्थेत चौकशी करावी. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या साध्या गोळ्यांसाठी तिथली रांग, वेळ असलेल्या माणसाला, मुळीच वाईट नव्हे.

उरला गल्लीतला मेडिकलवाला. ऑनलाइन दुकानांची वीस टक्के सवलत पाहून त्याला सोडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की सात रुपयांच्या गोळीवर वीस टक्के सुटले तरी ती दीड रुपयाची होत नाही. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे आणि कित्येक जीवरक्षक औषधांवर तो उरलेलाच नाही. बिल दरवेळी मागावे. जादा आकारणीची तक्रार बिलावाचून उभी राहत नाही. आणि नवे औषध सुरू करताना महिन्याचा साठा कधीच घेऊ नये, कारण पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ, खोकला किंवा चक्कर येऊन डॉक्टर ते बदलण्याचा संभव असतो, आणि घरातल्या डब्यात साठलेली अर्धवट पाकिटे हाच कित्येक कुटुंबांच्या औषधखर्चाचा मोठा भाग असतो. दुकानदार पाकीट कापावयास नाराज असतो. परंतु सुट्या गोळ्यांना प्रमाणाबाहेर किंमत लावता येत नाही, आणि औषध शिल्लक असताना विक्रीस नकारही देता येत नाही, असे किंमत नियंत्रण आदेशातच म्हटले आहे. पाच गोळ्या हव्या असतील तर पाचच मागाव्यात, मात्र मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक ज्या बाजूला आहे ती बाजू आपल्या तुकड्यावर राहील असे पाहावे. ती राहत नसेल तर दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत.